नालबंदी

हा लेख जनावरांच्या खुरांना नाल बसविण्याच्या कसबाविषयी आहे. लोकसंगीतात वाजविले जाणारे 'नाल' हे तालवाद्य वेगळे.

नालबंदी म्हणजे घोडा, खेचर, बैल यांसारख्या स्वारीच्या, ओझ्याच्या वा ओढकामाच्या जनावरांचे वाढलेले खूर कापून व तासून सारखे करणे आणि झिजेपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांवर धातूचा नाल बसविणे. हे काम करणाऱ्या कारागिरास नालबंद म्हणतात. नालबंदीत लोहारकाम, शरीररचनेचे ज्ञान आणि जनावर हाताळण्याचे कौशल्य या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. नाल ठोकणे हा या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग असला, तरी त्याचे खरे मर्म खूर योग्य रीतीने तासण्यात असते. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर परिसरात, घोड्यांबरोबरच ऊस वाहणाऱ्या बैलांची नालबंदीही मोठ्या प्रमाणावर केली जाते.

शब्दाची व्युत्पत्ती व अर्थ

'नाल' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ पादत्राण किंवा जोडा असा आहे. त्याला बांधणे या अर्थाच्या फारसी धातूपासून आलेले 'बंद' हे पद जोडून 'नालबंद' हा शब्द तयार झाला. मराठीत गाय-बैलांच्या दुभंगलेल्या पायाला 'खूर' आणि घोड्याच्या अखंड पायाला 'टाप' म्हणण्याचा संकेत आहे. मात्र व्यवहारात घोड्याच्या बाबतीतही 'खूर' हा शब्द सर्रास वापरला जातो व या लेखातही तो तसाच वापरला आहे. घोडा, गाढव यांसारख्या अखंड खुराच्या प्राण्यांना संस्कृतात 'एकशफ' अशी संज्ञा आहे.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'नालबंदी' या शब्दाला आणखी एक अर्थ होता. मोहिमेवर निघण्यापूर्वी स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येणाऱ्या शिलेदारास तयारीसाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिला नालबंदी म्हणत. घोड्याच्या पायातील लोखंड हा स्वारीच्या खर्चाचा इतका प्राथमिक भाग होता, की पुढे त्याचे नावच साऱ्या उचलीला मिळाले.

खुराची रचना

नालबंदी समजण्यासाठी प्रथम खूर समजणे आवश्यक आहे. घोड्याचा खूर हा मुळात एका बोटाचे टोक असून बाहेरचे कठीण कवच माणसाच्या नखाप्रमाणे केराटिन या द्रव्याचे बनलेले असते. त्याचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

भिंत : घोडा उभा असताना समोरून व बाजूंनी दिसणारा कठीण भाग. पुढच्या टोकाशी तिची जाडी साधारण एक सेंटिमीटर असते. तिच्या बाहेरच्या थरात नसा किंवा रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे या थरातून खिळा गेला तरी घोड्यास वेदना होत नाही. संपूर्ण नालबंदी या एका गोष्टीवर उभी आहे.

पांढरी रेषा : खूर उचलून तळाकडून पाहिल्यास भिंत व तळवा यांच्यामध्ये दिसणारी फिकट पिवळसर कड. खिळा कोठे ठोकावा याची हीच सीमारेषा होय. खिळा तिच्या बाहेरच्या बाजूस राहिला पाहिजे. आत गेला तर तो सजीव भागात शिरतो.

तळवा : किंचित खोलगट असलेला खालचा भाग. निरोगी खुरात शरीराचा मुख्य भार भिंतीवर येतो, तळव्यावर नाही.

पुतळी : टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा त्रिकोणी भाग. पाऊल टेकताच पुतळी व तिच्या वरची लवचीक गादी दाबली जाते, टाचा किंचित फाकतात, धक्का शोषला जातो आणि रक्त वर ढकलण्यास मदत होते. म्हणूनच नाल बसविताना टाचांची ही हालचाल मोकळी ठेवावी लागते.

खुराच्या आत खुराचे हाड असते. ते असंख्य बारीक, एकमेकांत गुंतलेल्या पापुद्र्यांनी भिंतीला जोडलेले असते. घोड्याचे सारे वजन या जोडावर तोललेले असते. पापुद्र्यांना सूज येऊन हा जोड सैल झाला, की हाड खाली सरकू लागते. लॅमिनायटिस नावाच्या या आजारात घोडा कायमचा निकामी होऊ शकतो.

खुराची भिंत वरच्या काठाकडून खाली वाढते. ही वाढ महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर असते. त्यामुळे पुढच्या टोकाची भिंत संपूर्णपणे नवी होण्यास सुमारे ९ ते १२ महिने लागतात. मोकळ्या रानात हिंडणाऱ्या घोड्यात वाढ व झीज यांचा मेळ राहतो. माणसाने घोडा कामाला जुंपला, की हा मेळ बिघडतो. कठीण रस्त्यावर झीज वाढीपेक्षा जास्त होते, तर तबेल्यात बांधून ठेवलेल्या घोड्यात वाढ झिजेपेक्षा जास्त होते. पहिल्या स्थितीत नालाची गरज पडते, दुसऱ्या स्थितीत तासण्याची. आणि नाल बसविला की झीज थांबते, म्हणून तासण्याची गरज पुन्हा उरतेच.

इतिहास

जगात : इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील ग्रंथात घोड्याचे खूर कठीण व्हावेत म्हणून त्याला गोट्यांच्या अंगणात उभे करण्याचा सल्ला दिला आहे. रोमन लोक चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायचे धातूचे तळ वापरीत. खिळ्यांनी ठोकलेल्या नालाचे स्पष्ट पुरावे युरोपात नवव्या-दहाव्या शतकांपासून मिळतात व पुढील दोन-तीनशे वर्षांत ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. लंडनमध्ये नालबंदांचा संघ १३५६ मध्ये स्थापन झाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे हेन्री बर्डन याने १८३५ मध्ये नाल तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून तयार नाल बाजारात येऊ लागले.

भारतात : अश्वशास्त्राचा उगम शालिहोत्र या ऋषींकडे मानला जातो. त्यांच्या नावावरून घोड्यांच्या वैद्यास 'सालोत्री' म्हणण्याची पद्धत पडली. मोगल काळातील 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात शाही तबेल्याच्या नोकरवर्गात नालबंदाचा समावेश आहे.

मराठेशाहीत : छत्रपती शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत वर्णिली आहे. ही बखर छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. तिच्यानुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पंचवीस घोड्यांचे खूर शंभर होतात. सहा आठवड्यांतून एकदा खूर तासून नाल बदलावा, या आजच्या सर्वसाधारण नियमाने हिशेब केल्यास एका नालबंदाच्या वाट्याला रोज दोन-तीन खूर येतात. वाटेत पडलेले नाल पुन्हा बसविणे व लंगडणारी जनावरे पाहणे हे काम वेगळेच. यावरून हे प्रमाण अनुभवातून ठरविलेले असावे असे दिसते. सह्याद्रीच्या खडकाळ घाटवाटांवर लांब पल्ल्याच्या दौडी करणाऱ्या दलाला नालबंद हा शिपायाइतकाच आवश्यक होता.

ब्रिटिश काळात : पलटणींच्या घोड्यांसाठी नालबंद लष्करी नोकरीत असत. मुंबईच्या परळ भागात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व खुराच्या रोगांचा अभ्यास शास्त्रीय पायावर येऊ लागला. भारतीय सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचे प्रशिक्षण केंद्र मेरठ येथे असून नालबंदीचे पद्धतशीर लष्करी शिक्षण तेथे दिले जाते.

साधने

नालबंदाची पेटी लहान असते, परंतु तिच्यातील प्रत्येक हत्याराचे काम ठरलेले असते. जुना नाल उपसण्यासाठी व वाढलेली भिंत कातरण्यासाठी लांब दांड्याच्या पकडी, तळवा व पुतळीवरील मेलेला थर काढण्यासाठी टोकाशी वळलेली सुरी, तळ सपाट करण्यासाठी मोठी कानस, खिळे ठोकण्यासाठी हलकी हातोडी, खिळ्यांची वळविलेली टोके उकलण्यासाठी छिन्नी आणि नाल घडविण्यासाठी ऐरण, भाता व घण ही मुख्य साधने होत. मांड्यांवर चामड्याचा जाड पदर बांधला जातो, कारण घोड्याने पाय ओढला तर खिळ्याचे उघडे टोक नालबंदाच्या मांडीत शिरण्याचा धोका असतो.

नालाचा खिळा साध्या खिळ्यापेक्षा वेगळा असतो. त्याच्या टोकाला एका बाजूने उतार दिलेला असतो. त्यामुळे तो भिंतीत सरळ न जाता हळूहळू बाहेर वळतो व काही अंतरावर भिंतीच्या बाहेरच्या बाजूस निघतो. खिळा उलटा धरला गेल्यास तो आत वळतो. म्हणून नालबंद ठोकण्यापूर्वी प्रत्येक खिळ्याची बाजू बोटांनी चाचपून पाहतो.

घोड्याच्या नालबंदीची पद्धत

पाहणी : काम सुरू करण्यापूर्वी घोड्याला सपाट जागी उभे करतात व नंतर चालवून पाहतात. तो कोठल्या पायावर भार टाळतो, पाऊल सपाट पडते की एका कडेवर, जुना नाल कोठे जास्त झिजला आहे, या गोष्टी नालबंद लक्षात घेतो. झिजलेला नाल घोड्याच्या चालीची नोंदवहीच असतो.

पाय उचलणे : नालबंद खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत घोड्याजवळ जातो व हात पायावरून खाली सरकवीत पाय उचलतो. पुढचा पाय तो आपल्या दोन गुडघ्यांत धरतो, तर मागचा पाय मांडीवर टेकवितो. घोडा धरणाऱ्या मोतद्दाराने नालबंद ज्या बाजूला असेल त्याच बाजूला उभे राहावे असा नियम आहे. म्हणजे घोडा बिथरला तर त्याचे तोंड त्या बाजूस ओढता येते व मागचा भाग नालबंदापासून दूर जातो.

जुना नाल काढणे : खिळ्यांची वळविलेली टोके आधी सरळ करून नंतर नाल टाचेकडून पुढे उचलीत काढतात. टोके न उकलता नाल ओढल्यास भिंतीचे तुकडे निघतात आणि पुढच्या वेळी खिळ्याला धरच उरत नाही.

खूर तासणे : वाढलेली भिंत कातरून कानशीने तळ सपाट करतात. तळव्याचा सुटलेला भुसा व पुतळीचे लोंबते तुकडे तेवढे काढतात. समोरून पाहता खुराच्या दोन्ही बाजूंची उंची सारखी असावी आणि बाजूने पाहता खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार वरच्या हाडांच्या उताराशी एका रेषेत असावा, ही दोन मुख्य मापे आहेत. पुढचे टोक लांब राहिले तर पाऊल उचलण्यास जास्त जोर लागतो व पायामागच्या शिरांवर ताण येतो. टाचा गरजेपेक्षा जास्त उंच राहिल्या तर धक्का नीट शोषला जात नाही.

नाल बसविणे : घोड्याच्या पुढच्या पायांवर शरीराचा साधारण ६० टक्के भार येतो. पुढचे खूर अधिक गोल व मागचे किंचित निमुळते असतात. म्हणून नालही वेगवेगळे लागतात. गरम पद्धतीत नाल भट्टीत तापवून ऐरणीवर हवा तसा वळवितात व क्षणभर खुराला टेकवितात. जळलेल्या खुणेवरून तळाचा उंचसखलपणा कळतो. खूर उष्णतेचा मंदवाहक असल्याने थोड्या वेळात इजा होत नाही. नाल जास्त वेळ दाबून धरला तर मात्र आतील भाग भाजतो. थंड पद्धतीत तयार नाल ठोकून आकार देतात. महाराष्ट्रात फिरत्या नालबंदांकडे ही पद्धत अधिक आढळते.

खिळे ठोकणे : एका नालास सामान्यतः ६ ते ८ खिळे लागतात. ते खुराच्या पुढच्या भागात व मधल्या रुंद भागापर्यंतच ठोकतात; टाचांकडे ठोकले तर टाचांचे फाकणे बंद होते. प्रत्येक घावाचा आवाज नालबंद ऐकत असतो. खिळा कठीण भिंतीतून जात असेल तर आवाज खणखणीत येतो. तो दबका झाला किंवा घोड्याने अंग चोरले, की नालबंद हात थांबवितो. खिळ्यांची बाहेर आलेली टोके मोडून, वळवून भिंतीत बसवितात व कानशीने सारखी करतात.

काम झाल्यावर घोडा पुन्हा चालवून पाहतात. ६ ते ८ आठवड्यांनी हे सर्व पुन्हा करावे लागते. नाल झिजला नसला तरी खूर वाढलेला असतो. म्हणून केवळ नाल शाबूत आहे एवढ्यावरून काम पुढे ढकलणे चुकीचे ठरते.

बैलांची नालबंदी

बैलाचा खूर दुभंगलेला असल्यामुळे एका पायाला दोन स्वतंत्र, अर्धचंद्राकृती पातळ पट्ट्या ठोकाव्या लागतात. चारही पायांच्या मिळून आठ होतात. पश्चिम महाराष्ट्रात त्यांना 'पत्री' व या कामास 'पत्री मारणे' असेही म्हणतात. बैलाच्या खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ असल्याने खिळे लहान असतात व चुकीला वाव कमी राहतो.

घोड्याप्रमाणे बैल तीन पायांवर शांतपणे उभा राहत नाही. म्हणून त्याला दोराच्या फाशाने आडवा पाडून, चारही पाय एकत्र बांधून काम करतात. पाडण्याची जागा मऊ असावी, डोके व शिंगे एका माणसाने धरावीत आणि भरल्या पोटी बैल पाडू नये, असे जाणते नालबंद सांगतात. यामागे शास्त्रीय कारण आहे. रवंथ करणाऱ्या जनावराला कुशीवर फार वेळ पाडून ठेवल्यास पोटातील वायू बाहेर पडू शकत नाही, पोट फुगते व जनावराचा श्वास कोंडतो. म्हणूनच बैलाच्या नालबंदीत हात जलद चालणे ही गोष्ट केवळ कमाईच्या दृष्टीने नव्हे, तर जनावराच्या दृष्टीनेही महत्त्वाची असते.

कोल्हापूर परिसरातील नालबंदी

कोल्हापूर ही छत्रपतींची गादी असल्यामुळे येथे पागा व तबेले यांची परंपरा जुनी आहे. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या राजर्षी शाहू महाराजांना (१८७४–१९२२) घोड्यांची, शिकारीची व स्वतः गाडी हाकण्याची मोठी आवड होती. संस्थानी काळात स्वारीचे घोडे, गाड्यांचे घोडे आणि शहरातील टांगे अशा तिन्ही प्रकारच्या जनावरांमुळे नालबंदांना बारमाही काम असे. 'नालबंद' हे आडनाव कोल्हापूर, सांगली, सोलापूर व बेळगाव या भागांतील मुस्लिम कुटुंबांत आजही आढळते. पिढीजात व्यवसायावरून आडनाव पडल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. मात्र ते लावणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा नालबंदीशी आता संबंध उरलेला नाही.

शहरात ऑटोरिक्षा आल्या व टांगे मागे पडले. त्यानंतर घोड्यांचे काम रंकाळा तलावाचा काठ व पन्हाळगड येथील पर्यटकांचे घोडे, लग्नाच्या वरातीचे घोडे, यात्रा व मिरवणुकांतील घोडे आणि घोडागाडी शर्यतींची जनावरे यांपुरते उरले. या प्रत्येकाची गरज निराळी असते. वरातीचा घोडा डांबरी रस्त्यावर दीर्घकाळ उभा राहतो, शर्यतीच्या घोड्याला हलका नाल लागतो, तर पन्हाळ्यासारख्या अतिवृष्टीच्या जागी पावसाळ्यात खूर ओलाव्याने मऊ पडतात, खिळे ढिले होतात आणि चिखलात नाल उपसून येतो. उलट उन्हाळ्यात भिंत कोरडी पडून तिला उभ्या भेगा जातात.

या परिसरातील नालबंदीला खरा आधार दिला तो उसाने. गाळप हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात बीडसह मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार आपापले बैल घेऊन कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत येतात. उसाने भरलेली गाडी डांबरी व खडीच्या रस्त्यावरून रोज कारखान्यापर्यंत ओढणाऱ्या बैलाचे खूर नालाविना फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे हंगामात नालबंद साखर कारखान्यांच्या आवारात, ऊसतोड कामगारांच्या तळांवर आणि पेठ वडगावसारख्या जनावरांच्या बाजारांत काम करताना दिसतात. तोडणी कामगाराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते व बैल हेच त्याच्या कमाईचे साधन असते. बैल लंगडला की सारा हंगाम अडचणीत येतो. अशा वेळी वेळेवर व नीट मारलेली पत्री ही एका कुटुंबाच्या वर्षभराच्या अन्नाशी जोडलेली गोष्ट ठरते. ट्रॅक्टरचा वापर वाढत गेल्याने हे कामही हळूहळू आटत आहे.

महाराष्ट्रातील इतर ठिकाणे

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व सामान यांची वाहतूक मोठ्या प्रमाणात घोड्यांवर होते. तेथील तांबड्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसविण्यास घोडेवाल्यांनी विरोध केला, कारण नाल ठोकलेले पाय गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतात. नाल हा रस्त्याशी निगडित असतो आणि रस्ता बदलला की नालाचा विचारही बदलावा लागतो, हे या वादातून स्पष्ट होते. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला; त्यानंतर तेथील गाडीच्या घोड्यांचे काम संपुष्टात आले. मुंबईच्या महालक्ष्मी व पुण्याच्या रेसकोर्सवरील शर्यतीच्या घोड्यांना धावण्यासाठी ॲल्युमिनियमचे हलके नाल लावतात. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश असते. पायाच्या टोकाशी कमी झालेले थोडेसे वजनही वेगात जाणवते.

सारंगखेडा (जि. नंदुरबार) व माळेगाव (जि. नांदेड) येथील यात्रांत घोड्यांचे मोठे बाजार भरतात. खरेदीपूर्वी जाणकार घोड्याचे दात पाहतात, तसेच चारही पाय उचलून खूरही पाहतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत रिंगणात धावणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथून आळंदीस पायी आणले जातात व तेथून पुढे पंढरपूरची वाट चालतात.

होणारे दोष व इजा

खिळा लागणे : खिळा सजीव भागात शिरल्यास घोडा लगेच पाय ओढतो. काही वेळा खिळा आत न शिरता आतील भागावर नुसता दाब आणतो. अशा वेळी दोन-तीन दिवसांनी लंगडणे सुरू होते व खूर हाताला गरम लागतो. खिळा तत्काळ काढून जखम निर्जंतुक करणे व पशुवैद्यास दाखविणे आवश्यक असते. घोडा धनुर्वातास विशेष बळी पडणारा प्राणी आहे. म्हणून नाल ठोकल्या जाणाऱ्या प्रत्येक घोड्याचे धनुर्वात-प्रतिबंधक लसीकरण झालेले असावे.

खूर नालाला बसविणे : तयार नाल लहान पडला तर नाल बदलण्याऐवजी खुराचीच भिंत पुढून कानशीने उतरविण्याची चुकीची प्रथा दिसते. त्यामुळे भिंत पातळ होते व खिळा आत जाण्याची शक्यता वाढते. नाल खुराला बसवावा, खूर नालाला बसवू नये, हा या कामाचा पहिला नियम मानला जातो.

तळवा व पुतळी जास्त कापणे : स्वच्छ व पांढरा दिसावा म्हणून तळवा खोल कापल्यास तो पातळ होतो आणि खड्यांनी ठेचाळतो. पुतळी छाटल्यास ती जमिनीला टेकत नाही व धक्का शोषण्याचे काम बंद पडते.

पुतळी सडणे : ओल्या व मलमूत्राने भरलेल्या तबेल्यात पुतळीच्या खाचांत घाण साचून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येतो. हा दोष नालबंदाचा नसून निगेचा असतो. खूर रोज साफ करणे व जागा कोरडी ठेवणे हाच त्यावर मुख्य उपाय आहे.

नाल आवश्यक आहे काय?

प्रत्येक घोड्याला नाल हवाच असे नाही. मऊ जमिनीवर हलके काम करणारी, चांगल्या खुरांची जनावरे नियमित तासणीवर बिननालाची राहू शकतात. नालामुळे खुराची नैसर्गिक हालचाल मर्यादित होते, असे बिननालाच्या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात. तर कठीण रस्ते, जड ओझे आणि रोजचे लांब अंतर यांपुढे नालाशिवाय गत्यंतर नाही, असे नालबंदांचे म्हणणे असते. आजारी खुरांसाठी टाचेकडे जोडलेले बंद नाल, तसेच चिकटविता येणारे प्लास्टिकचे नाल यांसारखे पर्यायही उपलब्ध झाले आहेत. निर्णय जनावराचे खूर, काम व जमीन पाहूनच करावा, याविषयी दोन्ही बाजूंत मतभेद नाही.

कायदेशीर तरतुदी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाखाली १९६५ मध्ये नालबंदांना परवाना देण्यासंबंधी स्वतंत्र नियम करण्यात आले. त्याच वर्षी ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे नियमही झाले. त्यांनुसार जनावराकडून दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त किंवा विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तसेच तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत त्याला जुंपता येत नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या व्यक्तीस घोड्याची नालबंदी करण्यास मनाई आहे व नोंदणीपूर्वी काही वर्षांची उमेदवारी करावी लागते. भारतात मात्र लष्कराबाहेर हे कसब आजही मुख्यतः वडिलांकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते.

लोकसंस्कृतीत

जुना नाल उंबरठ्यावर किंवा दारावर ठोकणे शुभ मानले जाते. काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी शनीची पीडा टाळते अशी समजूत आहे. या समजुतींमुळे वापरून झालेल्या नालालाही बाजारात गिऱ्हाईक असते. मोहरमच्या पंजांत नालाचा आकार पवित्र मानला जातो. कोल्हापुरातील बाबूजमाल तालमीचा 'नाल्या हैदर' हा पंजा प्रसिद्ध असून त्याच्या दर्शनास सर्व धर्मांचे लोक येतात. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील 'नालाकृती चुंबक' हा शब्दही याच वस्तूवरून आलेला आहे.

सद्यस्थिती

नालबंदाचे काम अंगमेहनतीचे व जोखमीचे आहे. सतत वाकून राहिल्याने कंबरदुखी जडते, लाथ बसण्याचा धोका नेहमीचा असतो आणि उत्पन्न हंगामावर अवलंबून असते. त्यामुळे नवी पिढी या व्यवसायात क्वचितच येते. दुसरीकडे हौशी घोडेपालन व अश्वारोहण शाळा यांमुळे कुशल नालबंदांची मागणी काही ठिकाणी टिकून आहे. एका नालबंदाला अनेक गावे फिरावी लागत असल्याने घोडेमालक नाल पडेपर्यंत वाट पाहतात, किंवा अर्धवट माहितीच्या माणसाकडून काम करून घेतात. दोन्हींची किंमत शेवटी जनावराला मोजावी लागते. पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर खुराचा रोग ओळखू शकतात. परंतु तासणी व नाल यांचे हातकाम नालबंदालाच करावे लागते. म्हणून पारंपरिक नालबंदांचे हातातील कसब आणि पशुवैद्यकाचे ज्ञान यांची सांगड घालणारे लहान मुदतीचे प्रशिक्षण हा हे कसब टिकविण्याचा व्यवहार्य मार्ग मानला जातो.